ओल्या फरशीवरचा तास

त्या खोलीतलं मशीन आधी हळू चावायचं. हे मी आज म्हणते. तेव्हा मी म्हणायचे, काही चावत-बिवत नाही, मुकाट्यानं बसा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रीगोंद्याच्या बाजूला एका गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचे. मी मूळची नगर शहरातली. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली, त्यामुळं आमच्या घरात देव्हारा नव्हता आणि नवससायासही नव्हते. आई कधी चुकून 'नजर लागली' म्हणाली, तर वडील लगेच उलटतपासणी घ्यायचे. कुणाची लागली? किती वाजता? तू पाहिलीस का? भीती दिसली की तिला खुर्चीवर बसवून जाब विचारायचा, ही आमच्या घरची शिकवण. मी ती शिकवण घेऊन त्या गावात गेले आणि सोबत माझा तापट स्वभावही घेऊन गेले. पोरं पाठीमागं मला 'फोडणी' म्हणायची. मला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

त्या शाळेत मी आमच्या समाजाची एकटीच होते. कुणी तोंडावर काही म्हणायचं नाही, पण स्टाफरूममध्ये माझा कप कुठल्या खिळ्याला आहे हे सगळ्यांना बरोबर माहीत असायचं. त्यात माझं दोन वर्षांचं प्रोबेशन चालू होतं. दुसऱ्या कुणाचा फळ्यावर आकडा चुकला तर तो हसून पुसायचा. आपण चुकलो तर ती फक्त आपली चूक राहणार नाही, असं मला सारखं वाटायचं. म्हणून मी चुकायचंच नाही असं ठरवलं होतं. न चुकणाऱ्या माणसाइतकं धोक्याचं शाळेत दुसरं काही नसतं.

दिवाळीच्या आधी शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. कुठल्याशा निधीतून आला, जीपमधून गाद्यांमध्ये गुंडाळून आणला. हेडसरांनी नारळ फोडला, मशीनला हळदकुंकू लावलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण नगरला दहा दिवसांचं प्रशिक्षण मीच करून आले होते. दहा दिवस म्हणायचे, पण शेवटच्या दिवशी दुपारचा तास मी बुडवला होता. चारची एसटी चुकली असती तर मुक्काम पडला असता. तो तास वीज आणि सुरक्षितता यावरचा होता. मला वाटलं, हे काय शिकवणार मला, मी स्वतः आठवीला विद्युतधारा शिकवते. बाकी नऊ दिवसांतलं एक वाक्य मात्र मी पक्कं घोकून आणलं होतं, धूळ ही कॉम्प्युटरची शत्रू.

आणि आमच्या गावात तर धुळीच्या जोडीला काजळी होती. जवळच साखर कारखाना. गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्यातून काळे पापुद्रे उडायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यात, पोरींच्या भांगात, कुठंही पडायचे. बोट लावलं की त्यांची शाई व्हायची. म्हणून मी संगणक खोलीचे नियम केले आणि माझ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावले. चपला बाहेर. हातपाय धुऊन आत. प्रत्येक तासाआधी फरशी ओल्या फडक्यानं पुसून घेणे. झाडायचं नाही, झाडलं की काजळी उडते. गावाला हे नियम फार पटले. देवळात जाताना जे करतात तेच होतं की सगळं. मीही समजावत बसले नाही. पोरं शिस्तीत राहतायत ना, बास झालं.

फरशी पुसायचं काम शिपाई मावशींचं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कंबर वाकलेली. त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. एके दिवशी बादली बाहेर ठेवली आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमचं मशीन चावतंय."

"मशीनला दात आहेत का मावशी?"

"दात न्हाईत, पर चावतंय. पुसताना त्या डब्याला हात लागला, तर मुंग्या आल्या इथवर." त्यांनी कोपर दाखवलं.

मी त्यांना तिथंच उभं करून धडा दिला. माझा कंगवा केसांवर घासला, कागदाचे कपटे उचलून दाखवले. ही स्थितिक विद्युत, मावशी. घर्षणानं तयार होते, झिणझिणी येते आणि जाते, तिनं कुणी मरत नाही. मावशींनी कपट्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आसंल. तुमी शिकलेल्या." आणि गेल्या. मला वाटलं, चला, एक अंधश्रद्धा कमी झाली.

आता त्या मुलीबद्दल सांगते. हे सगळं लिहिणं तिच्यासाठीच आहे.

ती नववीत होती. वडील बागायतदार, उसाचे चार-पाच एकर, विहिरीवर मोटर. हुशार म्हणावी तर तसली हुशारी नव्हती, की विचारलं आणि फाडफाड उत्तर दिलं. ती चिवट होती. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की कुत्र्यानं हाड धरावं तशी धरून बसायची. संगणकाचा जादा तास शाळा सुटल्यावर असायचा आणि तिचे वडील तिला त्यासाठी मागं ठेवायला तयार नव्हते. मी घरी गेले. ओसरीवर बसून तासभर वाद घातला. शेवटी मी म्हणाले, "दहावीनंतर नगरला सायन्सला घालू तिला. मी सांगते ना. तिची जबाबदारी माझी." ते मोठ्या आवाजात बोलणारे गृहस्थ नव्हते. सुपारी कातरत म्हणाले, "तुमी म्हनताय म्हून पाठवतो बाई. मला त्या मशिनीतलं काय कळत न्हाई. तुमच्यावर सोडली."

मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता. असं कुणी माझ्यावर काही सोडत नसे त्या गावात.

पहिले दोन महिने बरे गेले. चार-चार पोरं स्टुलांवर दाटीवाटीनं बसायची, एक टाइप करायचं, बाकीची ओरडायची. हिरवी अक्षरं पडद्यावर उमटली की जत्रेत पाळणा सुरू व्हावा तसा कल्ला. पण डिसेंबरात एक-एक करून पोरं सीपीयूच्या डब्यापासून लांब बसायला लागली. स्टुलं मागं सरकवलेली दिसायची. बटण कुणी चालू करायचं यावर ढकलाढकली. एकदा एक पोरगा हात झटकून ओरडला आणि सगळी हसली, पण त्या हसण्यात दम नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, बाई, झिणझिण्या.

मी पुन्हा कंगवा काढला.

कपटे उडाले, पोरं खूश झाली. ती मुलगी तेवढी उठून उभी राहिली. "बाई, डोकं धुतल्यावर ओल्या केसांवर कंगवा घासला तर कागद उचलत न्हाई. मी घरी करून बघितलं."

"बरोबर. स्थितिक विद्युतला कोरडं लागतं."

"मंग ह्यो डबा ओली फरशी असल्यावर जास्त का चावतो? फरशी वाळली की कमी चावतो."

मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. नववीतल्या पोरीनं माझ्यासमोर निरीक्षण ठेवलं होतं, प्रयोग ठेवला होता, आणि माझ्या उत्तरातली चूक दाखवली होती. शाबासकी द्यायची ती वेळ. माझे वडील असते तर त्यांनी तिला खांद्यावर घेतलं असतं. आणि मी? मी चाळीस डोळ्यांकडं पाहिलं आणि माझं टाळकं सटकलं. "अतिशहाणपणा बंद कर आणि खाली बस," मी म्हणाले. ती बसली. कान लाल झाले होते तिचे.

तिनं हाड सोडलं नव्हतं. जानेवारीत एका तासाला मला दिसलं, की ती स्लिपर घालून आत आलीय. रबरी, निळ्या पट्ट्याची. डब्यावर तळहात ठेवून शांतपणे उभी होती. मी दारातूनच ओरडले. नियम काय लिहिलाय? वाचता येत नाही? ती म्हणाली, "बाई, चप्पल घातली की चावत न्हाई. बघा, मी वहीत लिहिलंय. पाच दिवस बघितलं." तिनं वही पुढं केली. मी ती घेतली नाही. काजळीचे काळे ठसे मला फरशीवर दिसत होते, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, आणि मला तेवढेच दिसत होते. मी तिला आठवडाभर संगणकाच्या तासाला बाहेर उभं केलं.

वही मी वाचली असती तर! पण ताकद लागते हो, चूक आहे असं वाटत असताना वही हातात घ्यायला.

गावात तोवर बोलवा झाली होती. शाळेतलं मशीन धरतं म्हणे. एका सकाळी संगणक खोलीच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली सापडली. मी ती तोडून उकिरड्यावर फेकली आणि प्रार्थनेला अर्धा तास भाषण केलं. विज्ञानाच्या खोलीला लिंबू? लाजा वाटत नाहीत? मावशी खांबाला टेकून ऐकत होत्या. नंतर हळूच म्हणाल्या, "बाई, लिंबू म्या न्हाई बांधलं. पर खिडकीभायेरची ती तारबी चावती आता. म्या फडकी वाळत घालते ना तिच्यावर, ती."

खिडकीतून एक तार बाहेर गेली होती, भिंतीवरून खाली. कसली तार, कुठं जाते, मी कधी पाहिलं नव्हतं. कंगवा आणि कपटे भिंतीबाहेरच्या तारेपर्यंत कसे पोचणार, हा प्रश्न एखाद्या बैलालाही पडला असता. मला पडला. खरं सांगते, पडला. मी हेडसरांकडं गेले, म्हणाले वायरमन बोलवू या. हेडसर म्हणाले, "बाई, गावचा वायरमन मशीन उघडणार, सील तुटलं की गॅरंटी गेली. मग तुम्ही भरून देणार का? आणि तुम्हीच तर सांगता सगळ्यांना, की काही नाही म्हणून." मी परत आले. ते बरोबर होतं, मीच सांगत होते सगळ्यांना.

मग विज्ञान दिन आला.

त्या वर्षी विज्ञान दिनाचा कार्यक्रम माझ्याकडं होता. पोरांनी थर्माकोलचे ज्वालामुखी केले होते, लिंबात तारा खुपसून घड्याळ चालवलं होतं. पालकांना बोलावलं होतं. मी ठरवलं, की गावाची ही भीती आज सगळ्यांदेखत मोडायची. संगणक खोली भल्या सकाळीच पुसून घेतली. पालक येणार म्हणून मावशींना दोनदा पुसायला लावली. काजळीही त्या दिवशी भरपूर पडत होती, कारखान्याचा हंगाम जोरात होता. फरशी आरशासारखी चमकत होती. पालक चपला काढून रांगेनं आत आले, भिंतीला टेकून उभे राहिले. मुलीचे वडील खिडकीपाशी होते, टोपी हातात.

मी भाषण केलं. चांगलं केलं, लोक ऐकत होते. म्हणाले, न समजलेल्या गोष्टीची भीती वाटते, समजली की भीती जाते. ज्या मुलीला या मशीनची सर्वांत जास्त शंका होती, तीच आज तुमच्यासमोर त्याला हात लावेल. आणि मी तिचं नाव पुकारलं.

ती दारात उभी होती. पुढं आली नाही लगेच. म्हणाली, "बाई, चप्पल घालू का?"

अगदी हळू विचारलं तिनं. मला एकटीला ऐकू जावं म्हणून. तिनं मला वाट काढून दिली होती. मी 'घाल' म्हणायला हवं होतं, दोन अक्षरं फक्त. आणि मी, जिच्या घरी देव्हारा नाही ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवळात जाताना घालतेस का?"

लोक हसले. तिच्या वडिलांनाही हसू आलं. ती आत आली. तिनं दोन्ही हात स्कर्टला पुसले, नीट, पुन्हा-पुन्हा. मग उजवा तळहात डब्यावर ठेवला.

ओरडली नाही ती. लोकांना वाटतं शॉक बसला की माणूस ओरडतं. तिचा आवाजच निघाला नाही. बोटं डब्याच्या कडेला आवळली गेली, मान मागं गेली, आणि तिच्या घशातून पाणी गिळल्यासारखा आवाज येत राहिला. पडद्यावर अक्षरं थरथरत होती. एक-दोन पालक अजूनही हसत होते, त्यांना वाटलं पोरगी नाटक करतेय. मी तिच्याकडं धावले, तिला मिठीत धरून ओढायला.

"हात नका लावू!" तिचे वडील ओरडले. त्यांनी मला कोपरानं असं ढकललं, की मी भिंतीवर आदळले. लाकडी स्टूल उचललं, दोन्ही हातांनी पायाला धरून तिच्या मनगटावर मारलं, एकदा, दोनदा. दुसऱ्या फटक्याला हात सुटला आणि ती फरशीवर कोसळली. तोवर मावशींनी दाराबाहेरचा मेन पाडला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ज्यांच्या विहिरीवर मोटर असते, त्यांना लहानपणापासून माहीत असतं, की धरलेल्या माणसाला हात लावायचा नाही, कोरडं लाकूड घ्यायचं. त्या खोलीत ते ठाऊक नसलेली, म्हणजे ठाऊक असून न सुचलेली, मी एकटीच होते.

जीपमधून तिला तालुक्याला नेलं. वाटेत ती श्वास घेत होती. मी मोजत होते, एकेक. वडिलांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. ती वाचली. उजव्या तळव्याची कातडी गेली. मधली दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत.

दोन दिवसांनी नगरहून कंपनीचा माणूस आला. त्यानं टेबलाखालचा स्टॅबिलायझर उघडला, मशीनला वीज त्याच्यातूनच जायची. आत काजळीचा थर, आणि त्याच्यावर पुसायच्या फडक्यातलं पाणी महिनोन् महिने उडून झालेला चिखल. त्यातच एका वायरचं आवरण कुजून वायर पत्र्याला टेकली होती. मग तो खिडकीबाहेर गेला. भिंतीवरून खाली आलेली ती तार, मावशी जिच्यावर फडकी वाळत घालायच्या ती, स्टॅबिलायझरच्या आणि मशीनच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची होती. ती जमिनीत जायला हवी होती, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात. गटार खणताना कुणीतरी तोडली होती आणि ती जमिनीपासून हातभर वर लोंबत होती. "आता करंटनं जायचं कुठं?" तो म्हणाला. "जो ओल्या पायानं उभा राहील, त्याच्यातून." दिवाळीपासून मी पोरांना रोज हातपाय धुऊन, अनवाणी, ओल्या फरशीवर उभं करत होते.

हेडसरांनी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं होतं, की सूचना देऊनही विद्यार्थिनीनं ओल्या हातानं यंत्रास स्पर्श केला, सदर विद्यार्थिनीस यापूर्वीही संगणक कक्षातील नियमभंगाबद्दल शिक्षा झालेली आहे. तेही खरंच होतं, मीच केली होती. खाली माझ्या सहीची जागा. हेडसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पंखा माझ्याकडं फिरवला, पाणी मागवलं. म्हणाले, "जूनमध्ये तुमचं प्रोबेशन संपतंय. वर वाईट शेरा गेला, तर तुमच्यासारखीला पुन्हा कोण घेणार? पोरगी वाचलीय ना? मग झालं." 'तुमच्यासारखी'चा अर्थ मी विचारला नाही. मी सही केली. तसलं पेन मी पुन्हा कधी विकत घेतलं नाही, पण त्यानं काय होतं.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. त्याच ओसरीवर बसले. चहा आला. ती आतल्या दाराशी बसली होती, उजवा हात पांढऱ्या पट्ट्यात, मांडीवर वही, डाव्या हातानं काहीतरी गिरवत होती. अक्षरं बैलगाडीच्या चाकोरीसारखी वाकडीतिकडी. माझ्याकडं पाहून हसली. हसली ती! मला ते सहन होईना.

वडिलांनी खिशातून अहवालाची नक्कल काढली. शाळेनं त्यांना पाठवली होती. "ह्ये तुमची सही हाय ना?"

"हो."

"बाई," ती दारातून म्हणाली, "माझं हात कोरडं हुतं. मी पुसलं हुतं, तुमच्यासमोरच."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

वडिलांनी नक्कल घडी करून पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "मी काय तुमच्यावर केस करत न्हाई. चुका व्हत्यात. माझ्या मोटरीवर माझा भाऊ असाच गेला, मला कुनी शिकवायला नको. पर गावात समदी म्हनत्यात, पोरगी वांड, तिच्याच कर्मानं झालं. शाळा बी तेच म्हनती. गुन्हेगार म्हून मी तिला त्या शाळंत न्हाई पाठवायचो. तुमी येक कागद लिवून द्या. पोरीची चूक नव्हती, तिनं आधी सांगितलं हुतं. येवढंच. सोमवारी तिला पाठवतो, नगरला बी पाठवतो. तुमच्यावर सोडली हुती, आजून बी सोडतो."

एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मी म्हणाले, "देते लिहून."

घरी येऊन लिहायला बसले. एक ओळ लिहिली. मग वाटलं, आत्ता दिला कागद तर तो फिरत-फिरत हेडसरांकडं जाणार, सही केलेला अहवाल खोटा ठरणार, आणि खोटी सही कुणाची? माझी. जून तीन महिन्यांवर आला होता. वाटलं, एकदा कायम झाले की मग कुणाच्या बापाला भ्यायचं नाही, मग मोठ्यानं सांगेन, पेपरात छापून आणेन. सोमवार गेला. पुढचा सोमवार गेला. वर्गातल्या तिच्या बाकावर दुसऱ्या मुली सरकून बसायला लागल्या. संगणक खोलीला कुलूप लागलं. वार्षिक परीक्षा झाली, ती आली नाही. मी उत्तरपत्रिका तपासत होते आणि स्वतःला सांगत होते, थोडं थांब, थोडंच. माझ्या वडिलांना मी यातलं काही कळवलं नाही. त्यांनी नक्की उलटतपासणी घेतली असती, आणि त्या खुर्चीवर बसायची माझ्यात हिंमत नव्हती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कायम झाल्याची ऑर्डर हातात आली. त्याच संध्याकाळी मी कागद लिहिला. सगळं लिहिलं, कंगवा, चप्पल, वही, लोंबणारी तार, माझी सही. चार पानं झाली. सकाळी पहिल्या तासाची रजा टाकली आणि शेतातल्या वाटेनं जवळजवळ पळतच गेले.

वडील गोठ्यात होते. मी कागद दिला. त्यांनी हात धोतराला पुसले, उभ्या-उभ्या चारही पानं वाचली. ओठ हलवत, सावकाश. घडी घातली.

"कुठंय ती?" मी विचारलं.

"घोडेगावला. बहिनीकडं ठेवली. तिची म्हातारी सासू अंथरुनावर हाय, तिला बघाया कुनीतरी पायजे हुतं. दाखला काढला मागल्या महिन्यात."

"परत आणू आपण. मी आज दुपारीच जाते, आजच. दाखला पुन्हा घेता येतो, नगरला सुद्धा..."

ते मान हलवत होते. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मी सांगते.

"बाई, ती रोज इचारायची," ते म्हणाले. "सांच्याला मी गावातनं आलो की पैलं त्येच. आबा, बाईंचा कागद आला का? मी म्हनायचो, यील. लई दिस इचारलं तिनं. मंग येक दिस इचारलं न्हाई. मीच म्हनलं, आगं, आज इचारलं न्हाईस? तर म्हनली, ऱ्हाऊ द्या आबा, त्यांना भ्या वाटत आसंल."